रणगाड्याच्या मॉडेलवर धूळ आणि चिखल: आपल्याच मातीतनं पिगमेंट करा आणि योग्य जागी लावा

१/३५ चा (खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा) रणगाडा नीट जोडला, रंग छान बसला, डेकल्स (नंबर-चिन्हांची छापील चित्रं) सरळ लागले आणि तरी कपाटात ठेवल्यावर तो आत्ताच कारखान्यातनं बाहेर पडलाय असा दिसत असेल तर त्याला धूळ हवीय. पण सगळीकडनं मातकट रंगाचा एक फवारा मारला म्हणजे धूळ झाली असं होत नाही. खरी धूळ कुठल्यातरी गावची असते, आणि ती गाडीवर कुठं बसणार हे गाडी कशी आणि कुठनं चाललीय त्यावर ठरतं. या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या असल्या की बाकीचं हाताला सवय लागायचं काम आहे. आणि सामानाचं म्हणाल तर त्यातलं बरंचसं सातारा-सांगलीत पायाखालीच पडलंय, प्रत्येक वेळी परदेशी बाटल्या कुरिअरनं मागवायची काही गरज नाही.

आधी बघून घ्या. रणगाडा आपल्याला रोज दिसत नाही पण पोकलेन दिसतो, हायवेच्या कामावर, खाणीत, शेततळ्याच्या खोदाईवर, आणि पट्ट्यावर चालणाऱ्या गाडीची माती कशी वागते हे त्याच्याइतकं दुसरं कुठलं मशीन दाखवत नाही. पट्ट्याचा जो भाग जमिनीला टेकतो तो घासून चकचकीत झालेला असतो, दोन कड्यांच्या मधल्या खाचेत माती ठासून बसलेली असते, मागच्या-पुढच्या चाकाजवळ चिखलाचे गोळे वाळून पांढुरके पडलेले असतात आणि जिथं ग्रीस गळतं तिथली धूळ काळी होऊन चिकटून राहिलेली असते. लांबनं मोबाईलवर फोटो काढून ठेवा, ऑपरेटरला विचारलंत तर तो आनंदानं थांबतो. तसंच गाळपाच्या दिवसांत ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर बघा, फडातनं डांबरी रस्त्यावर आल्यावर टायरच्या नक्षीतला चिखल पहिल्या काही अंतरातच उडून जातो पण टायरच्या बाजूवरचा आणि रिमच्या आतला तसाच राहतो, तो वाळतो आणि फिकट होतो. एसटीची मागची काच बघा, पुढच्यापेक्षा कितीतरी जास्त माखलेली असते, कारण चालत्या गाडीच्या मागं हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ तिथं परत ओढली जाते. रणगाड्याचंही तेच होतं, मागची प्लेट नेहमी जास्त धुळकट करायची. किती मॉडेलं अशी बघितलीत की पुढचं नाक मातीनं भरलेलं आणि मागची बाजू स्वच्छ, तिथंच डोळ्याला खटकतं.

अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम जमलं तर जरूर बघून या, पण ते आकारासाठी, वेल्डिंगच्या कडा, हॅचेसची जाडी, चिलखताची खडबडीत कास्टिंग हे समजायला. तिथले रणगाडे रंगवून स्वच्छ ठेवलेले असतात, धूळ शिकायला तिथं जाऊ नका. आणि आपल्याकडं अजून एक सोय आहे जी पुण्या-मुंबईतल्या मॉडेल करणाऱ्यांना सहज मिळत नाही, ती म्हणजे माजी सैनिक. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव सातारा जिल्ह्यात आहे, आणि सातारा-सांगलीत कुठल्याही तालुक्यात विचारलं तरी फौजेत राहून आलेले दादा-काका भेटतात. त्यातले कुणी आर्मर्डमध्ये (रणगाड्यांच्या दलात) असतील तर त्यांच्यापाशी बसा आणि विचारा की काका, वर चढताना पाय कुठं ठेवायचात, बिस्तरा कुठं बांधायचात, डिझेल भरताना कुठं सांडायचं. हे पुस्तकात मिळत नाही आणि मॉडेलवर नेमकं हेच दिसायला हवं.

आता ठरवायचं की तुमचा रणगाडा कुठल्या जमिनीवर आहे. हे पहिलं ठरल्याशिवाय डबी उघडूच नका. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये असल उत्तरला, खेमकरणजवळ, आपले सेंच्युरियन आणि शेर्मन उभ्या उसाच्या आड दबा धरून होते आणि पाणी सोडलेल्या शेतात पाकिस्तानचे पॅटन रुतले. म्हणजे तो सेंच्युरियन करत असाल तर पंजाबचा ओला गाळ, पट्ट्यात अडकलेली उसाची पाती, आणि वरच्या भागावर वाळलेली फिकट धूळ असं सगळं एकत्र येतं. उसाचा फड आपल्याला सांगायला लागत नाही, पाचट कसं गुंडाळलं जातं ते वाळव्याच्या पोराला झोपेत विचारलं तरी सांगेल. फक्त माती मात्र वाळव्याची लावायची नाही, तिकडची जमीन नद्यांनी आणलेल्या गाळाची, फिकट करडी-तपकिरी आहे, आपल्यासारखी काळी नाही. १९७१ च्या डिसेंबरची लोंगेवाला करायची तर पाकिस्तानच्या टी-५९ वर राजस्थानची पिवळसर वाळू, कोरडी, चिखल जवळपास नाहीच. त्याच डिसेंबरमध्ये शकरगढच्या बाजूला बसंतर नदीवर आपल्या पूना हॉर्स रेजिमेंटचे सेंच्युरियन लढले, तिथं नदीचं पात्र आणि दलदल, म्हणजे खालचा भाग ओला आणि वरचा कोरडा. १९४३ चा रशियातल्या कुर्स्कचा टी-३४ असेल तर तिथली जमीन काळी आहे, आणि व्हिएतनामच्या मधल्या पठारावरचा अमेरिकी एम-४८ असेल तर लाल.

आणि इथंच आपलं नशीब चांगलं आहे, कारण या दोन जिल्ह्यांत जवळपास सगळे रंग सापडतात. कृष्णाकाठी, कराडपासून मिरजेपर्यंत काळी माती. कासच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वरकडं जांभ्याची लाल. माण-खटाव, जत, आटपाडीकडं मुरमाड फिकट. वर बाजारात मिळणारा गेरू, पिवळी माती आणि गणपतीची शाडू. एवढ्यातनं जगातलं बहुतेक कुठलंही रणांगण जुळवता येतं. (कासच्या पठारावरनं स्वतः माती उचलू नका, ते संरक्षित आहे. खालच्या गावात कुणाच्या घराच्या पायाची खोदाई चालली असेल तिथनं मूठभर मागून घ्या.)

माती आणली म्हणजे पिगमेंट (मॉडेलवर लावायची रंगाची बारीक पूड) झालं नाही. कणाचा आकार हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षित. हिशोब करून बघा, १/३५ मध्ये १ मिमी म्हणजे खऱ्यातले साडेतीन सेंटिमीटर. ०.१ मिमीचा वाळूचा कण, जो बोटाला जेमतेम लागतो, तो मॉडेलवर साडेतीन मिमीची बारीक खडी होतो. १/७२ मध्ये तर तो सात मिमीच्या पुढं जातो. त्यामुळं चाळणीनं चाळलेली माती पुरत नाही, ती वस्त्रगाळ करायला लागते, आणि धुळीसाठी त्याच्याही पुढं जाऊन पाण्यात निथळायला लागते.

निथळायची पद्धत सोपी आहे. माती आधी तव्यावर किंवा जुन्या पातेल्यात चांगली भाजून घ्या, म्हणजे त्यातली मुळं, किडे, बुरशी यांचा निकाल लागतो (पिवळी माती मात्र जास्त भाजू नका, जास्त तापली की तिच्यातलं लोह लाल पडतं आणि रंगच बदलतो, हवा असेल तर मुद्दाम थोडी तशी भाजून वेगळी शेड करून ठेवता येते). गार झाल्यावर खलबत्त्यात कुटा, मलमलच्या फडक्यातनं गाळा, मग उंच काचेच्या बरणीत पाण्यात घालून खळखळून ढवळा. पाणी साधारण १० सेंटिमीटर उंच असेल तर मिनिटभरात ०.०५ मिमीपेक्षा मोठे कण तळाला बसतात. चार-साडेचार मिनिटं थांबलात तर ०.०२ मिमीपेक्षा मोठे सगळे खाली जातात आणि वरच्या गढूळ पाण्यात फक्त बारीक राहतं. ते गढूळ पाणी हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओता, तीच तुमची धूळ. तळाला राहिलेलं फेकू नका, मिनिटभरात बसलेलं चिखलात घालायला कामाला येतं. दुसऱ्या भांड्यातलं पाणी बसायला वेळ लागतो, काळी माती तर दिवस दिवस तरंगत राहते, अशा वेळी घरात गढूळ पाण्याला फिरवतो तशी तुरटी दोन वेळा फिरवा, थर लगेच खाली येतो. वरचं नितळ पाणी काढून टाका, तुरटी जास्त झाली असं वाटलं तर एकदा साध्या पाण्यानं धुवून घ्या, ताटलीत पसरून उन्हात वाळवा, परत खला, परत वस्त्रगाळ करा आणि डबीत भरून वर चिठ्ठी लावा की कुठली माती, बारीक का जाड.

सांगलीकरांना एक तयार माल माहितीच आहे, तो म्हणजे पुराचा गाळ. २०१९ च्या पुरानंतर घराघरात जो थर राहिला तो किती बारीक होता हे ज्यांनी तो खरवडलाय त्यांना सांगायला नको. नदीकाठी पाणी ओसरल्यावर वाळून पापुद्रे सुटलेला गाळ मिळाला तर तो उचला, भाजून घ्या, एकदा निथळला की झालं, कुटायलाही फारसं लागत नाही.

काही गोष्टी मात्र वापरू नका. हळद तर अजिबात नाही, सांगलीत ती कितीही हाताशी असली तरी. पिवळी धूळ म्हणून पहिल्या दिवशी ती झकास दिसते पण उजेडानं उडते. हळद, मसाला, चहापत्ती, कुठल्याही वनस्पतीची पूड ही ओल धरते आणि त्यात किडे पडतात. माती आणि दगड टिकतात, म्हणून तेवढंच वापरायचं. क्रशरची राखाडी पूड मिळाली तर ठेवा, शहरातल्या पडझडीत उभ्या असलेल्या रणगाड्याला ती थोड्या शाडूत मिसळून फार चांगली दिसते. आणि हे सगळं कोरडं काम करताना मास्क लावा, बारीक धूळ फुप्फुसात गेलेली बाहेर येत नाही, क्रशरवरच्या माणसांना विचारा.

मिश्रणाचं माझं गणित असं आहे, पण डोळ्यानं पारखून कमी-जास्त करा. पंजाबच्या गाळासाठी शाडू जास्त, त्यात काळी माती थोडी आणि पिवळी मातीची चिमूट. राजस्थानसाठी शाडूत पिवळी माती आणि माणकडचा फिकट मुरूम, गेरू अगदी नखभर. कुर्स्कसाठी काळी माती जवळपास तशीच, फक्त वरच्या कोरड्या धुळीला तीच शाडू घालून बरीच फिकट करायची, कारण काळी जमीन वाळली आणि उडाली की तिची धूळ करडी दिसते, उन्हाळ्यात मिरजेच्या रानातनं ट्रॅक्टर जाताना बघा म्हणजे पटेल. व्हिएतनामसाठी जांभ्याची माती, वरच्या थराला थोडी पिवळी घालून. प्रत्येक वेळी एकाच मिश्रणाच्या तीन छटा करा, गडद, मधली आणि फिकट. खाली ओल असते म्हणून तिथं गडद, वर कोरडं असतं म्हणून तिथं फिकट. या तीन छटांनी अर्धं काम होतं.

आता मॉडेलची तयारी. मूळ रंग नेहमीपेक्षा थोडा फिकट मारा, कारण वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि वार्निश सगळं गडद करत जातं. रंग पूर्ण वाळला की ग्लॉस वार्निश, मग डेकल्स, मग पुन्हा ग्लॉस, मग वॉश. वॉशसाठी कॅम्लिनचा बर्न्ट अंबर ऑइल कलर आणि थेंबभर काळा पुरतो, पण आधी तो पुठ्ठ्यावर तासभर काढून ठेवा, पुठ्ठा त्यातलं जवसाचं तेल शोषतो आणि मग रंग लवकर आणि मॅट वाळतो. मिनरल टर्पेंटाइनमध्ये चांगला पातळ करून बारीक ब्रशनं फक्त खाचा, रिव्हेट आणि जोडांवर टेकवा, तो आपोआप धावतो. अर्ध्या तासानं टर्पेंटाइननं जेमतेम ओलसर केलेल्या स्वच्छ ब्रशनं वरनं खाली ओढत जास्तीचा काढा. टर्पेंटाइन कुठल्या कोपऱ्यात साचू देऊ नका, विशेषतः जिथं प्लास्टिक उघडं आहे किंवा जोड ताणलेला आहे, तिथं तडे जातात. आणि हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर तर प्लास्टिक वितळवतंच, त्याची बाटली या टेबलावर आणूच नका.

खरचटे आणि उडालेला रंग यावर मी फार बोलणार नाही. फोमच्या तुकड्यानं गडद तपकिरी रंग कडांवर, हॅचभोवती, जिथं बूट आणि हत्यारं लागतात तिथं टिपा, बस्स. चंदेरी रंग वापरू नका. आणि वरचा हिशोब विसरू नका, १ मिमीचा डाग म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा उडालेला रंग, असे दोनशे डाग एका रणगाड्यावर शोभत नाहीत. हे झालं की सगळ्यावर मॅट वार्निश मारा, कारण चकचकीत पृष्ठभागावर पिगमेंट धरत नाही, नुसतं घसरतं. पावसाळ्यात मॅट वार्निशचा स्प्रे मारू नका, सातारच्या जुलैच्या हवेत तो पांढरा पडतो, ऊन पडलेला कोरडा दिवस बघा.

धुळीचा पहिला थर पातळ आणि सगळीकडं. एअरब्रश असेल तर टामिया कंपनीचा एक्सएफ-५७ बफ आणि थोडा एक्सएफ-५२ फ्लॅट अर्थ, एकाला नऊ थिनर, कमी प्रेशरवर, आणि फवारा खालनं वर मारायचा, जशी धूळ पट्ट्यातनं उडते तशी. खालची हल (रणगाड्याचं मुख्य धड), चाकं, मडगार्डची खालची बाजू, मागची प्लेट. टरेटवर (तोफेच्या फिरत्या घुमटावर) जवळपास काही नाही. एअरब्रश नसेल तर फिकट पिगमेंट टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ कालवून मोठ्या मऊ ब्रशनं लावा आणि वाळू द्या, वाळल्यावर कोरड्या ब्रशनं झटका, कडांवरची निघून जाते, खाचेतली राहते. मला तर हीच पद्धत जास्त आवडते, कारण यात खरी माती खऱ्यासारखीच बसते, एअरब्रशचा थर कितीही चांगला असला तरी जरा जास्तच एकसारखा येतो.

दुसरा थर कोरडा. जुन्या मऊ ब्रशनं पिगमेंट आडव्या जागांवर, इंजिन डेकच्या कोपऱ्यांत, टूलबॉक्सच्या मागं, हेडलाइटच्या बुडाशी, वेल्डिंगच्या कडेला टाका. वाऱ्याला आडोसा असतो तिथं धूळ साठते, मोकळ्या मधल्या भागावरनं ती उडून जाते. मग ब्रशनं टर्पेंटाइनचा एक थेंब पिगमेंटच्या शेजारी सोडा, पिगमेंटवर नाही, तो थेंब आपण होऊन आत ओढला जातो आणि माती हलत नाही. इथं बरेच जण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, ते लवकर वाळतं हे खरं, पण टामियासारखा अल्कोहोलमध्ये विरघळणारा ॲक्रिलिक मूळ रंग असेल तर तो खालनं उठतो, त्यामुळं टर्पेंटाइनच बरं. ओलं असताना सगळं भयानक गडद दिसेल, घाबरून लगेच आणखी फिकट माती टाकू नका. रात्रभर राहू द्या, सकाळी बघा, रंग बराच परत येतो. निर्णय सकाळच्या उजेडात घ्यायचा, ट्यूबलाइटखाली नाही.

तिसरं काम धूळ काढायचं, आणि मॉडेलमध्ये जीव येतो तो इथं. रणगाड्यावर चार-पाच माणसं राहतात. ती एका ठरावीक जागेवरनं चढतात, पुढच्या प्लेटवर, मडगार्डवर, हॅचच्या कडेला त्यांचे बूट आणि हात रोज घासतात, तिथं धूळ टिकत नाही, तिथला मूळ रंग उघडा आणि थोडा गुळगुळीत दिसतो. कापसाची काडी टर्पेंटाइनमध्ये बुडवून टिश्यूवर टिपून घ्या आणि त्या वाटेवरची धूळ पुसत जा. इंजिनच्या झाकणांच्या कड्या, टूलबॉक्सची हँडलं, ड्रायव्हरच्या पेरिस्कोपच्या काचा, मशीनगनचं मागचं टोक, हे सगळं हात लागणारं आहे. पेरिस्कोपची काच तर स्वच्छच हवी, ती पुसल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवतच नाही. मघाशी म्हटलं ना काकांना विचारा, ते यासाठी. आणि गुंडाळलेली ताडपत्री, बिस्तरे यांच्यावर धूळ घड्यांमध्ये बसते, वरच्या फुगीर भागावर कमी.

चिखल. पिगमेंट, तळाला राहिलेली जाड माती, मॅट मीडियम (वाळल्यावर न चमकणारं ॲक्रिलिक चिकट द्रव्य) आणि सुतळीचे दोन-तीन मिमीचे बारीक तुकडे (१/३५ मध्ये ते सात ते दहा सेंटिमीटरचं गवत होतं) एकत्र करून पिठल्याइतकं घट्ट कालवा. फेविकॉल स्वस्त पडतो पण त्याची चकाकी आणि कातडी दिसते, तो दिसणार नाही अशा खालच्या बाजूलाच वापरा. एक लक्षात ठेवा, काळी माती पाण्यात फुगते आणि वाळताना आकसते, रानात भेगा पडतात तशाच मॉडेलवर पडतात आणि चिखलाचा पापुद्रा निघून येतो. म्हणून तिच्यात निम्मी शाडू घाला आणि एकच जाड थर देण्याऐवजी दोन पातळ द्या, मध्ये वाळू द्या. चिखल कुठं तर मडगार्डच्या आत, हलच्या बाजूला सस्पेन्शनच्या आडोशाला, पुढच्या-मागच्या चाकांच्या आसपास, मागच्या प्लेटच्या खालच्या अर्ध्या भागात. सेंच्युरियनला बाजूच्या स्कर्ट प्लेट्स आहेत, त्यांच्यामागचं तुम्हाला दिसतच नाही, तिथं जीव काढू नका, स्कर्टच्या खालच्या कडेवर आणि मागच्या टोकाला मात्र माती जास्त घाला, कारण सगळी धूळ तिथनं बाहेर पडते. टी-३४ ची मोठी चाकं उघडी आहेत, तिथं चाकाच्या मध्याकडनं बाहेर अशी माती फिकट होत गेली पाहिजे, आणि रबर असलेल्या चाकांवर रबर आणि धातूच्या जोडावर बारीक गडद रेघ.

शिंतोड्यांसाठी ब्रश पातळ चिखलात बुडवा आणि मॉडेलपासून थोड्या अंतरावर टूथपिकनं केस मागं ओढून सोडा. आधी कागदावर, थेंब बारीक यायला लागले की मग मॉडेलवर, आणि जिथं नको तिथं कागद आडवा धरा. मोठा थेंब पडला तर लगेच पुसा. तीन छटांचे शिंतोडे एकावर एक, आधी फिकट जुने, वर गडद ताजे, सगळ्यात शेवटी दोन-चार ठिकाणी सॅटिन वार्निश मिसळलेले म्हणजे ते अजून ओले आहेत असं वाटतं. सगळा चिखल ओला दाखवू नका.

नदी ओलांडून आलेला रणगाडा करायचा असेल, बसंतरवरचा समजा, तर सांगलीच्या भिंतींवर पुराची जी रेघ उमटते तीच मॉडेलवर आणायची. एका पातळीला सरळ आडवी कड, तिच्याखाली गाळाचा एकसारखा पातळ थर, कडेवर थोडा जास्त साठलेला, आणि त्यातनं पाणी निथळल्याचे उभे ओघळ. ही रेघ हलच्या चारही बाजूंना एकाच उंचीवर हवी, मॉडेलच्या कडेला पेन्सिल पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून फिरवली की पातळी बरोबर मिळते. रेघेच्या वर कोरडी धूळ तशीच ठेवा.

तेल-डिझेलचे डाग धुळीनंतर. इंधन भरायच्या झाकणाभोवती, चाकाच्या मधल्या हबवर, इंजिन डेकवर. बर्न्ट अंबर आणि काळा, त्यात थोडं ग्लॉस वार्निश, आधी पातळ मोठा डाग, वाळला की त्याच्या आत लहान गडद डाग. हबवर मग थोडी कोरडी धूळ परत टाका, ग्रीसवर धूळ चिकटतेच. एक्झॉस्टच्या तोंडाला काळ्या खडूची पूड किंवा दिव्याची काजळी, अगदी कमी.

पट्टे शेवटी. आधी गडद तपकिरी रंग, मग मधल्या छटेचं पिगमेंट टर्पेंटाइनमध्ये कालवून सगळीकडं लेपा, वाळू द्या, मग जमिनीला टेकणारे उंचवटे कापडानं पुसून घ्या आणि तिथं ६बी पेन्सिलीचं शिसं बोटानं घासा. पोलादाची खरी चकाकी येते, कुठलाही चंदेरी रंग देत नाही अशी. पट्ट्याच्या आतल्या बाजूला चाकं जिथनं धावतात त्या वाटेवरही थोडं घासा. शेर्मनचे पट्टे रबरी ब्लॉकचे असतील तर मात्र रबरावर शिसं लावू नका, तिथं फक्त टोकांचे धातूचे जोड चमकतात. पट्टा जिथं जमिनीवर उभा आहे तिथली माती आणि तळपटावरची (मॉडेल बसवायच्या फळीवरची) माती एकाच डबीतली हवी, हे इतकं साधं आहे तरी प्रदर्शनांत कितीतरी चांगली मॉडेलं इथंच फसलेली दिसतात, पट्ट्यात लाल माती आणि तळपट राखाडी.

सगळं झाल्यावर वरनं पुन्हा मॅट वार्निश मारायचा मोह होतो. मारू नका, फवारा निम्मी धूळ गिळून टाकतो आणि फिकट छटा जातात. त्यापेक्षा मॉडेल स्क्रूनं तळपटाला घट्ट बसवा आणि इथनं पुढं फक्त तळपटाला हात लावा. घरातली धूळ बसली तर ती तंतूंसारखी, राखाडी दिसते आणि तुम्ही लावलेली माती न हलवता ती झटकता येत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून झाकण हवं. नंबर प्लेट आणि ट्रॉफीच्या दुकानात ॲक्रिलिक शीट कापून चिकटवून देतात, तळपटाचं माप नेताना चारही बाजूंनी बोटभर जागा आणि अँटेनाची उंची धरून सांगा.